एक्केचाळीस किलोमीटर

सुदर्शन, गाडीचा दरवाजा चेपलाय तर दे गुमान डेंटिंगला. गॅरेजवाले रात्रीची आपली गाडी फिरवत्यात, डिझेल काढून घेत्यात, हे रडगाणं मला नको सांगू. मी एस्टीत एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलंय. फिरवत्यात काही जण, नाय म्हणत नाय. पण किलोमीटर वाढले म्हणजे मिस्त्रीनंच वाढवले, असं छातीला हात लावून मी आता म्हणू शकत नाय. रामप्रसादचं झालं तवापासून नाय.

बसा. लाईट काय एवढ्यात येत नाय. आन ती मोबाईलची बॅटरी बंद करा, डोळ्यावर येतीय. भूत दाखवा म्हणाल तर ह्या तुमच्या मोतीराम अण्णाकडं भूतबित काय नाय. रामप्रसादनं जे मला सांगितलं आन शेवटी जे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तेवढंच सांगतो. मानायचं तर माना, नायतर घरी जाऊन झोपा.

साल दोन हजार सोळा. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. आपल्या गावाला आठ दिवसाला एक टँकर, तोबी रात्री-बेरात्री. तिकडं शहर मात्र हातपाय पसरतच होतं. तवा औरंगाबादच म्हणायचे सगळे. पैठण रोडला चितेगावापर्यंत कंपन्या आन प्लॉटिंगचे बोर्ड. रामप्रसादचा बाप मल्हारराव जिथं मेंढरं बसवायचा, तिथं आता कंपनीचं गेट झालं, वॉचमन शिट्टी मारून हाकलतो. मेंढरं संपली आन रामप्रसादनं जुनी जीप घेतली. गंगापूर ते औरंगाबाद सीटा मारायचा.

त्याची आई कस्तुराबाई. तुम्ही पोरं तिला कस्तुराआजी म्हणायचात. उभा जन्म मेंढरांमागं गेला बाईचा. पावसाळा एका रानात, उन्हाळा दुसऱ्या. पालात संसार, दोन बाळंतपणं तर वाटंवरच झाली. म्हातारपणी लेकानं दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या, आन त्या दिवसापासून बाईनं एक रात्र बाहेर काढली नाय. सख्खी बहीण गेली, तिच्या दहाव्याहूनबी दिवस मावळायच्या आत माघारी आली. म्हणायची, लई झोपले उघड्यावर, आता माझ्या दाराला आतून कडी लावूनच झोपणार.

तीन मे, मंगळवार. चितेगावला त्यांच्या नात्यात लग्न होतं. रामप्रसाद, त्याची बायको अंबिका आन म्हातारी, तिघं जीपनं गेले. पंगती उठायला रात्रीचे नऊ वाजले. पाहुणे म्हणले, आता निघू नका, सकाळी जा. रामप्रसादबी दिवसभराचा शिणलेला, त्यालाबी आडवं व्हायचं होतं. म्हातारी काय ऐकंना. मांडवाच्या खांबाला टेकून एकच लावलं, "रामप्रसाद, घरी ने मला." दहादा म्हणली असंल. शेवटी यानं वैतागून जीप काढली. रागात काढली, हे त्यानंच मला नंतर सांगितलं, मान खाली घालून.

गावाबाहेर पडत्यात न पडत्यात तर समोरून पाण्याचा टँकर आला, एकच दिवा चालू. यानं मोटरसायकल समजून बाजू दिलीच नाय, आन कळलं तवा जीप रस्ता सोडून लिंबाच्या झाडावर गेली होती. टँकरवाला थांबलासुद्धा नाय. रामप्रसादच्या कपाळाला खोक पडली. अंबिका मागं होती, तिला मुका मार. म्हातारी पुढं डाव्या हाताला बसलेली. तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता, फक्त ती डोळे उघडंना.

तिला शहरात क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात ठेवलं. श्वास चालू, नाडी चालू, बाकी काय नाय. डॉक्टर म्हणले, वाट बघा. जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून चितेगावच्याच कडुबा मिस्त्रीच्या शेडात नेली. कडुबा जुना डेंटर, पत्र्यावरून नुसता तळहात फिरवून सांगायचा की मार कुठून बसलाय.

आता रामप्रसादचा स्वभाव तुम्हाला ठावं नाय. लई संशयी. सख्ख्या भावाला जीप दिली तरी स्टेपनीवर खिळ्यानं खूण करणार, बॅटरीला नेलपॉलिशचा ठिपका लावणार, बदलून घेतली तर कळावी म्हणून. कडुबाच्या शेडातबी सगळ्या खुणा करून ठेवल्या, आन मीटरचा आकडा तळहातावर पेनानं लिहून घेतला. आई तिकडं तशी पडलेली आन हा इकडं खुणा करत बसलेला. अंबिकानं तोंडावर सुनावलं त्याला. पण मला विचाराल तर मला त्याचं कळतं. स्टेअरिंगवर हात त्याचा होता, ते त्याला गिळवत नव्हतं. दुसरा कुणीतरी खोटा निघावा, असं त्याला आतून झालं होतं.

आन शुक्रवारी सापडलंच की. जीप बघायला गेला, तर मीटर एकशे चौसष्ट किलोमीटर पुढं.

कडुबाची गचांडी धरायचीच बाकी ठेवली त्यानं. माझी आई मरणाच्या दारात, तू माझ्या गाडीत कुणाची भाडी मारतोस, लई वाईट बोलला. कडुबा शांत माणूस. त्यानं हातोडी खाली ठेवली, याला दंडाला धरून जीपपुढं नेलं. बॉनेट काढून भिंतीला लावलेलं. रेडिएटर जमिनीवर. पुढची दोन्ही चाकं काढलेली, चेसी लाकडी ठोकळ्यांवर, मागच्या चाकांना दगड लावलेले.

कडुबा म्हणला, "दादा, हिला तूच हलवून दाखव. मग मी कबूल करतो."

तरी रामप्रसादला पटलं नाय. शनिवारी पुन्हा गेला. मीटर ब्याऐंशीनं वाढलेलं. रविवारी गेला. पुन्हा ब्याऐंशी. ना एक कमी, ना एक जास्त. दवाखान्याच्या जिन्यात बसून त्यानं शुक्रवारचाबी हिशोब लावला. एकशे चौसष्ट म्हणजे दोन रात्रीचे ब्याऐंशी-ब्याऐंशी. आन ब्याऐंशी म्हणजे एक्केचाळीस जाऊन, एक्केचाळीस येऊन.

आता चितेगावाहून आपलं गाव किती? मी त्या रस्त्यानं चार वर्षं गाडी काढलीय. कडुबाचं शेड ते रामप्रसादचं दार, एक्केचाळीस. तुम्ही मोजून या.

त्याच्या डोक्यात लखकन वीज चमकली. घराला कुलूप, घरातली सगळी माणसं दवाखान्यात, आन पत्र्यावर दोनशे पेंढी कडबा रचलेला. त्या वर्षी कडब्याला काय मोल होतं, तुमच्या बापाला विचारा. त्यानं तिथूनच शेजारच्या मनकर्णाबाईला फोन लावला. मावशी, आपला कडबा बघा बरं. मनकर्णाबाई बघून आली. एक पेंढी हललेली नाय म्हणली. आन वर म्हणली, "पण तुम्ही रोज रात्री येऊन जाता, तर हाक का मारीत नाय रं? अडीचच्या सुमाराला जीप दारात थांबती. मला वाटतं आईचं काय नेत असाल."

रामप्रसादनं विचारलं, कुत्रं भुंकतं का? तर म्हणली, नाय, उलट शेपूट आपटत बसतं.

मग तर याची खातरीच झाली. कुत्र्याच्या ओळखीचा चोर. कडबा आज नाय नेला, उद्या नेणार. रामप्रसादला सगळं त्याच बाजूनं दिसायला लागलं होतं.

त्याच रात्री अंबिकानं त्याला एक गोष्ट सांगितली. सासूजवळ रात्री तीच थांबायची. ती म्हणली, रोज दीड-पावणेदोनला आत्याबाईंची नाडी बुडती. हात बर्फ होतो. नर्स पळत येती, सुई देती, काय उपयोग होत नाय. आन चारच्या ठोक्याला आपोआप नाडी माघारी येती, हात गरम होतो. बोलताना ती त्याच्याकडं बघत नव्हती. "तेवढा वेळ त्या इथं नसत्यात," म्हणली, "मला माणूस गेल्यासारखं वाटतं आन आल्यासारखं वाटतं."

रामप्रसादनं ऐकलं. नुसतं ऐकलं. त्याचं ध्यान मीटरकडं होतं. मी त्याला पुढं एकदा विचारलं, अरे बायको एवढं सांगती तरी तुला उमजलं कसं नाय? तर तो ढसाढसा रडला. मी परत कधी विचारलं नाय.

नऊ मे, सोमवार. आखितीचा दिवस. वाडवडलांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजायचा दिवस, आन घागरीत घालायला गावात पाणी नाय. त्या दिवशी संध्याकाळी रामप्रसाद चितेगावला जाऊन कडुबाला म्हणला, आज रात्री मी इथंच झोपणार. कडुबाला राग यायला पाहिजे होता. त्यानं उलट शेडाची चावी याच्या हातात दिली, प्यायला पाण्याची एक बाटली दिली आन म्हणला, "बस बाबा. तुझी एकदा तसल्ली होऊ दे." आन घरी गेला.

पत्र्याचं शेड. आतून कडी लावलेली. एक पिवळा बल्ब. रस्त्यापलीकडं कंपनीचा भोंगा झाला, दुसऱ्या पाळीची माणसं गेली, मग रस्ता बंद पडला. रामप्रसाद जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसला. हातात बॅटरी. मीटरमध्ये शेवटी एक लाल आकडा असतो, दहा वेळा फिरला की एक किलोमीटर. त्यानं त्या लाल आकड्यावर नजर ठेवली. साडेबारा झाले. एक वाजला. काय नाय. तो मनात म्हणला, मी हाय ना आज, मग कसा येईल चोर.

एक पस्तीसला बाहेरची कुत्री गप झाली.

सगळी. एकदम.

मग डाव्या बाजूची सीट करकरली. रेक्झिन दबतं ना माणूस बसल्यावर, तसं. त्यानं बॅटरी मारली. सीट रिकामी. पण मधोमध खड्डा पडलेला.

आन लाल आकडा हलला.

इंजिन बंद. चावी त्याच्या खिशात. पुढं चाकं नाय. जीप जागची तसूभर हलत नव्हती... आन लाल आकडा फिरत होता. एक. दोन. तीन. बंद शेडात त्याच्या तोंडावर वारं यायला लागलं. रस्त्याचं वारं. धुळीचं, उसाच्या वाळल्या पाचटाचं. त्याला उतरायचं होतं. पाय उचलंनात.

पन्नास मिनिटं हे चाललं. तो स्वतः जायचा तेवढाच वेळ. दोन पंचवीसला लाल आकडा थांबला. एक्केचाळीस.

शेजारची सीट करकरली. खड्डा भरून वर आला.

पोरांनो, इथं खरं तर त्याला कळायला पाहिजे होतं. पण संशय एकदा रक्तात भिनला की भीतीतसुद्धा सुटत नाय. त्याच्या डोक्यात आलं, कडुबानं खाली कुठंतरी मोटर बसवलीय. वायर ओढलीय. मला वेडा करतोय. आन त्यानं काय केलं असंल? तर पूर्वी दुसऱ्याच्या जीपवर होता तवा करायचा, तेच. मालकाला फेरी कळू नये म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक मीटरची केबल सोडतो. मीटरच्या मागं हात घालायचा, हातानं नट फिरवायचा, केबल खाली. आकडा तिथंच गोठतो. मीबी केलंय कधीकाळी, खोटं कशाला बोलू.

त्यानं केबल सोडली. टोक हातात धरलं. बसला.

तीन वाजले... तीनवर पाच.

सीट करकरली.

आन त्याच्या हातातली केबल फिरायला लागली.

आतली तार. बोटाएवढं टोक. हातात गरगर फिरत होतं. आधी सावकाश. मग जोरात. त्यानं मूठ आवळली. तार मुठीत धडपडली. त्यानं अजून आवळली. दोन्ही हातांनी. कातडं सोललं. सोडली नाय... तार हळू झाली. अजून हळू. मग एकदा नुसती थरथरली.

मग थांबली.

किती वेळ तो तसाच बसला, त्याला ठावं नाय. बाहेर एक कुत्रं भुंकलं. मग दुसरं. मग खिशातला फोन वाजला. चार वाजून दहा मिनिटं. अंबिका होती. ती रडत नव्हती. हळू आवाजात म्हणली, "अहो, चार वाजून गेले... आत्याबाई आल्याच नाय आज."

तवा त्याला कळलं. सगळं एकदम कळलं. रोज रात्री कोण जात होतं, कुठं जात होतं, आन रोज चारला कोण माघारी येत होतं. एवढ्या दिवसात तिनं कुणाचं काय घेतलं नव्हतं. घरी जात होती आन लेकासाठी परत येत होती. आन माघारी येण्याची वाट त्यानं आपल्या मुठीत धरून बंद केली.

सकाळी सातला कडुबानं दार वाजवलं, उघडंना, तवा पत्रा उचकटून तो आत गेला. रामप्रसाद जीपमध्ये बसलेला. केबल त्यानं परत मीटरला जोडली होती, नटावर रक्त लागलेलं. शेजारच्या सीटवर हात ठेवून, अगदी सावकाश, समजूत काढावी तसं म्हणत होता, "आई, बस. आई, बस ना गाडीत." लाल आकड्यावर नजर. आकडा हलला नव्हता.

कडुबा डोळ्यांत पाणी आणून सांगायचा हे. ज्याच्यावर आळ घेतला त्याच माणसानं त्या दिवशी रामप्रसादला मोटरसायकलवर मधी बसवून गावी आणलं, पुढं शेडातला पोरगा चालवायला, मागून आपण धरून.

मी आपल्या गावातच होतो. अकराच्या सुमाराला दवाखान्याची मोठी गाडी म्हातारीला घेऊन आली. गल्ली अरुंद, जीपच काय ती आत जाती, म्हणून ती पारापाशीच थांबली. आम्ही पाच-सहा जण पुढं निघालो, दार उघडून जागा करायला. रामप्रसाद सगळ्यांच्या पुढं होता. अंगणाच्या तोंडाशी तो थांबला आन त्यानं दोन्ही हात आडवे केले. कुणालाच आत जाऊ देईना.

मनकर्णाबाईनं आखिती म्हणून आदल्या दिवशी दिवस मावळता त्यांचंबी अंगण झाडलं होतं. पाणी नव्हतं, नुसतं झाडलेलं. बारीक, मऊ, कोरडी धूळ. रात्रीतून त्या गल्लीत एक सायकलबी गेली नव्हती, मी दहा जणांना विचारलं.

त्या धुळीत जीपच्या चाकाच्या खुणा होत्या. रामप्रसाद गुडघ्यावर बसला, टायरच्या नक्षीवर बोट ठेवलं त्यानं. ड्रायव्हरला आपला टायर ओळखता येतो. कडुबाकडं वळून बघितलं, तर कडुबाबी तीच नक्षी बघत उभा. त्याच्या शेडात त्या चाकांना दगड लावलेले होते.

खुणा गल्लीतून वळून दारापर्यंत आल्या होत्या. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर थांबल्या होत्या. मी अंगणाच्या कडंकडंनं पूर्ण चक्कर मारली, दोनदा मारली, पलीकडच्या वाटंपर्यंत जाऊन बघितलं.

माघारी गेलेल्या खुणा कुठंच नव्हत्या.